खिडकीतून आलेली थैली

हिवाळा लागला, समुद्र खवळला आणि जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवली, की आमच्या पातारा बंदरात हातांना काम उरत नाही. मग तोंडं कामाला लागतात. त्या वर्षी त्यांच्या तावडीत सापडली आर्तेमोनची थोरली लेक, लाल्ला.

आर्तेमोनची जहाजं बुडाली, हे सगळ्या गावाला ठाऊक. मग तीन पोरींच्या हुंड्याला सोनं आलं कुठून? कुणीतरी म्हणालं, थोरलीनं खलाशांकडून कमावलं. झालं. सासू नान्नेनं लाल्लाची पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि तिला माहेरी धाडलं. सोनं मात्र ठेवून घेतलं. आता धाकट्या दोघींच्या सासरीही कुजबुज सुरू झाली.

खरं काय ते आर्तेमोनला माहीत होतं. कुणीतरी अंधारात खिडकीतून सोन्याची थैली टाकून जायचं. तिसऱ्या खेपेला त्यानं धावत जाऊन त्या माणसाला गाठलं, पाय धरले. माझं नाव कुणाला सांगू नकोस, एवढं वचन घेऊन तो निघून गेला.

"मी शब्दानं बांधलेला आहे, मावशी," आर्तेमोन शेजारच्या मेलितीनेला म्हणाला. म्हातारी जाळं सांधत बसली होती.

"नाव नको सांगूस. पण थैली खिडकीतून आली, एवढं सांगशील की नाही?"

आर्तेमोन उठायला लागला.

"का आली, असं लोक विचारतील म्हणून भितोस ना? अरे, त्यानं त्याचं नाव झाकायला सांगितलं. तू त्याच्याआड स्वतःला झाकतोयस, आणि पोर उघड्यावर पडलीय."

आर्तेमोन परत खाली बसला. पहिली थैली पडली, त्याच्या आदल्याच दिवशी त्यानं धाकट्या दोघींच्या हुंड्यासाठी बंदरावरच्या कुंटणखानेवाल्याशी लाल्लाचा सौदा ठरवला होता!

सकाळी पाण्याच्या हौदाशी निम्मं गाव जमलं होतं. नान्नेही होती, आणि घागर भरायला आलेली लाल्लाही. आर्तेमोननं खाली मान घालून सगळं सांगितलं. सौदासुद्धा. फक्त नाव सांगितलं नाही.

"फुकट कोण देतंय एवढं?" एकजण हसला.

"देतं कुणीतरी. विकायला मी निघालो होतो. थुंकायचं तर माझ्यावर थुंका."

कुणी हसलं नाही. नान्नेनं लाल्लाची भरलेली घागर उचलली. "चल पोरी, घरी. चुकलं माझं."

"येईन, सासूबाई. पण पेटी तुम्ही बाहेर ठेवलीत, तुम्हीच आत घ्या." मग लाल्ला वडिलांकडे वळली. "बाबा, सौदा ठरला तेव्हा मी दाराआड होते. तुम्ही कधी बोलता, याची वाट बघत होते."

आर्तेमोनला तिच्याकडे बघवलं नाही.

नान्नेनं पेटी स्वतः आत नेली. ते नाव आर्तेमोननं मरेपर्यंत घेतलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे हिवाळ्यात गरजवंताच्या खिडकीत काहीबाही ठेवून लोक गुपचूप निघून जातात. रीत चांगलीच आहे. पण मंडळी, थैली टाकण्याची वेळ आणली कुणी? हुंडा मागणाऱ्यांनी, तो द्यायला लेक विकू पाहणाऱ्या बापानं, आणि ऐकीव गोष्टींवर मिटक्या मारणाऱ्या आपण सगळ्यांनी. लेकीची किंमत करणं आपण सोडलं, तर कुणालाही अंधारात कुणाच्या खिडकीशी यावं लागणार नाही.