नळवाल्याची उरलेली किडनी

मित्रांनो, मालकीणबाई गेल्या ते दुपारी कळलं. वॉर्डातली तरुण डॉक्टर बाहेर आली आणि तिने हळू आवाजात सांगितलं. मालक रडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "किडनी बंद पडली का?"

"फाइल नीट बघून सांगते, काका," डॉक्टर म्हणाली आणि आत गेली. मालक बाकावर बसून राहिले. त्यांची छाती धडधडत होती. मला ते लगेच कळतं, कारण मी त्यांच्या पोटात राहते.

मी एक जुनी किडनी आहे. वय बासष्ट. मालक नळदुरुस्तीचं काम करतात. आम्ही जुळ्या बहिणी त्यांच्या पाठीशी राहायचो. मी उजवीकडे, ती डावीकडे. काम साधं होतं. रक्त यायचं, ते गाळायचं, नको ते पाण्याबरोबर खाली पाठवायचं. किडनीचं कौतुक कोणी करत नाही. ती दुखली तरच तिची आठवण येते.

मग मालकीणबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मालक म्हणाले, "माझी घे." बाई ऐकेनात. त्या बालवाडीत शिकवायच्या. हट्टी मुलांना वळवणाऱ्या बाई स्वतः मात्र तीन आठवडे हटून बसल्या. "अहो, तुम्ही दिवसभर पाइप घेऊन जिने चढता. एकीवर कसं भागेल?"

"मग दुसरी काय सोबतीला ठेवलीय?" मालक म्हणाले. ऐकून आम्ही दोघी जरा रुसलो.

ऑपरेशन झालं. बहीण बाईंच्या पोटात गेली. तिथे तिची नळी मूत्राशयाला नव्याने जोडली. इकडे दोघींचं काम माझ्या अंगावर आलं. मी हळूहळू थोडी मोठी झाले आणि कामाला लागले.

दुसऱ्या वर्षी बाईंना वरचेवर जळजळ व्हायला लागली, तापही यायचा. मूत्राशयात औषध भरून फोटो काढले. त्यात दिसलं की लघवी करताना थोडी लघवी खाली जायच्याऐवजी उलटी वर चढतेय, थेट माझ्या बहिणीकडे. पुढच्या आठवड्यात किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना भेटायचं होतं.

तोवर मालकांना धीर धरवला नाही. नळाच्या कामात पाणी उलटं आलं की दोनच गोष्टी असतात. जोड चुकलेला असतो, नाहीतर दाब जास्त झालेला असतो. जोड त्यांच्या हातात नव्हता. म्हणून त्यांनी दाब कमी करायचं ठरवलं. "पाणी कमी पी," ते बाईंना म्हणाले. "टाकी कमी भरली की उलटं चढणारच नाही."

पाइपाच्या बाबतीत मालकांचा शब्द घरात शेवटचा असायचा. बाईंनी पाणी निम्म्यावर आणलं. त्यात वर्ग सोडून जायला नको म्हणून त्या लघवी तासन्‌तास रोखून धरायच्या. सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. रक्तातला किडनीचा आकडा वर गेला, म्हणजे बहिणीचं गाळणं मंदावलं.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कमी करायला कोणी सांगितलं?"

"मी," मालक म्हणाले.

"तुम्ही नळवाले ना? मग साठलेल्या पाण्याचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायचं का?"

पण नंतर त्यांनी नीट समजावलं. लघवी अशी उलटी चढणं नव्या किडनीत बऱ्याच जणांना होतं. तेवढ्याने किडनी जातेच असं नाही. जंतूंना वर जाऊ द्यायचं नाही, हे महत्त्वाचं. भरपूर पाणी प्यायचं. दर तीन तासांनी लघवीला जायचं. एकदा जाऊन झालं की पाच मिनिटं थांबून पुन्हा जायचं, म्हणजे वर चढलेली खाली येते आणि तीही निघून जाते.

"आणि माझ्यामुळे जे बिघडलं ते?" मालकांनी विचारलं.

"ते आत्ता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

तो आकडा पुढे खाली आला. पण ते वाक्य मालकांच्या मनात सतरा वर्षं राहिलं. प्रत्येक रिपोर्ट उघडताना ते श्वास रोखून धरायचे.

पाच मिनिटं थांबायचा बाईंना कंटाळा यायचा. म्हणून घरी असले की मालक बाथरूमच्या दाराबाहेर बादली पालथी घालून बसायचे आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे.

"अहो, हा गळका नळ कालच झाला. नवीन काही नाही का?"

"नवीन नळ गळायचेत अजून. लोकांना थोडा वेळ दे."

बालवाडीतल्या मुलांनाही बाईंची वेळ पाठ झाली होती. सतरा वर्षांत जंतूंनी दोनदाच डोकं वर काढलं, आणि दोन्ही वेळा ते लगेच आवरले.

आता पुन्हा बाकापाशी येते. डॉक्टर फाइल घेऊन आली. "नाही काका. त्यांचं हृदय अचानक थांबलं. किडनी छान चालत होती. आकडा दहा वर्षांपूर्वी होता तेवढाच आहे."

"मागे एकदा मी पाणी कमी करायला लावलं होतं."

"त्याचा आज काही संबंध नाही, काका."

मालकांचा जीव भांड्यात पडला. मग ते रडले, पुष्कळ वेळ. हळूहळू छातीची धडधड उतरली. माझाही जीव हलका झाला. माझी बहीण शेवटपर्यंत कामावर होती.

मित्रांनो, पाणी पीत जा. लघवी रोखून धरू नका. वर्गात हात वर करायला लाजू नका. आणि शरीरात काही उलटसुलट झालं, तर आपल्या डोक्याने उपाय काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बाईंना जाऊन सात महिने झाले. मालक कामावर जातात, वेळेवर जेवतात. पूर्वी झोपेत दचकायचे, आता दचकत नाहीत. पण ज्याच्याकडे एकच किडनी उरली आहे, त्याने दरवर्षी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्यायचा असतो. ती तारीख बाई ठरवायच्या आणि त्याच मालकांना घेऊन जायच्या. यंदाची तारीख उलटून चार महिने झाले.

माझी तपासणी अजून झालेली नाही.