झाकलेलं दूध

दीपाली लग्न होऊन विश्रांतवाडीच्या घरात आली, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "नोकरी कर, फिर, काय हवं ते घाल. पण माझ्या स्वयंपाकघरात माशी दिसलेली मला चालणार नाही."

हिराबाईंनी हे गमतीत म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या ओट्यावर उघडं भांडं कधी नसायचं. फळांच्या साली लगेच झाकणाच्या डब्यात जायच्या, तो डबा रोज धुऊन उन्हात पडायचा, ओटा पुसायचं फडकं उकळत्या पाण्यातून निघायचं. खिडक्यांना बारीक जाळी होती. पाहुणा गप्पांत रमला की त्या त्याच्या कपावर बशी पालथी घालायच्या आणि विचारायच्या, "चहा माशीसाठी केलाय का?" त्यांचा मुलगा समाधान यावर हसायचा. सासरे, रामदास, कधी हसत नसत.

यंदा आंब्यांचे दिवस संपत आले आणि त्याच स्वयंपाकघरात माश्या झाल्या.

आधी एखाददुसरी, मग भांडी घासायच्या जागी घोळका. दीपालीला वाटलं, आंब्याच्या सालींमुळे असेल. हिराबाई हल्ली विसरायच्या. गॅस चालू राहायचा, मीठ फ्रिजमध्ये सापडायचं. वय झालं म्हणून घरात कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. दीपालीने डबा स्वतः धुवायला घेतला, सिंकमध्ये कढत पाणी ओतलं, फिनेलने फरशी पुसली. व्हिनेगरमध्ये साबणाचा थेंब टाकून वाटी ठेवली. तिच्यात चिलटं पडली, पण माश्या होत्या तशाच राहिल्या. शेवटी ती सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, गोपाळकृष्णांकडे, तळमजल्यावरच्या कचऱ्याच्या खोलीची तक्रार घेऊन गेली.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता. मधले सगळे मजले सोडून माश्या थेट तुमच्याकडे येतात, म्हणजे तिथे काहीतरी आमंत्रण असणार."

तिला राग आला, पण जिना चढताना पटलंही. रविवारी तिच्या बँकेला सुट्टी होती. तिने स्वयंपाकघर रिकामं करायला घेतलं. हिराबाई स्टुलावर बसून बघत होत्या.

पिठाच्या डब्यामागे एक स्टीलची लहान वाटी होती. आत दुधात कुस्करलेली पोळी, आंबून हिरवट झालेली, आणि तिच्यात अळ्या वळवळत होत्या. सिलिंडरच्या मागे दुसरी वाटी निघाली. मिक्सरच्या खोक्यात तिसरी, चमच्यासकट.

"आई, हे काय आहे?"

"हळू बोल," हिराबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे झोपलीय."

"कोण?"

"निशा."

घरात लहान मूल नव्हतं. निशा नावाचं तर नात्यातही कुणी तिला माहीत नव्हतं. दीपाली काही विचारणार तोच हिराबाईंची नजर तिच्या हातातल्या वाटीवर गेली. त्या उठल्या, वाटी ओढून घेतली, आत पाहिलं आणि किंचाळल्या.

"उघडं राहिलं! माशी बसली ना त्यावर! कुणी उघडं ठेवलं?"

त्या बोटांनी एकेक अळी वेचून बाहेर टाकायला लागल्या. "आता तिला काय देऊ मी? उठली की भूक लागेल तिला. काय देऊ?" बोलता बोलता त्या खाली बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या.

आवाज ऐकून समाधान आणि रामदास धावत आले. समाधान दारातच थबकला. रामदासांनी मात्र काही विचारलं नाही. बायकोला धरून उठवलं, सिंकपाशी नेलं आणि साबण लावून तिची बोटं एकेक करून धुतली.

"हिरा, चल. मी दुसरं दूध आणतो. ताजं आणतो."

त्या निजल्यावर त्यांनी मुलाला आणि सुनेला गॅलरीत बोलावलं.

"समाधान, तुझ्याआधी आम्हाला एक मुलगी होती," ते म्हणाले. "निशा. तेव्हा आम्ही येरवड्याला पत्र्याच्या खोलीत राहायचो. दारासमोर उघडं गटार होतं. निशा नुकतीच दूधपोळी खायला लागली होती. हिरा वाटी ठेवून नळावर गेली, परत आली तर वाटीवर माश्या. तिने हाकलल्या आणि तेच भरवलं. दुसरं दूध घरात नव्हतं. मग हगवण लागली. दवाखान्यात नेईपर्यंत पोरीच्या अंगात काही उरलं नव्हतं."

समाधान कठड्याला धरून उभा होता. "मला कधी सांगितलं का नाही?"

"तिने नको म्हटलं. डॉक्टर म्हणाले होते, पाणीच खराब होतं, सगळ्या वस्तीत साथ होती. मी तिला हजारदा तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण मानलं नाही."

दुसऱ्या आठवड्यात ते हिराबाईंना तज्ज्ञांकडे घेऊन गेले. विसरण्याचा आजार होता, वाढत जाणारा. आजचं पुसलं जाईल आणि जुनं जवळ येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्वयंपाकघराला कुलूप लावावं, असं समाधानचं मत पडलं.

"कुलूप नको," दीपाली म्हणाली. "त्या लपवतात, कारण आपण टाकून देऊ अशी भीती असेल. लपवावं लागू नये, एवढंच करूया."

रोज सकाळी ती कामावर जाण्याआधी हिराबाईंना कोमट दूध आणि अर्धी पोळी देई. त्या अगदी बारीक कुस्करत, गुठळी राहिली नाही ना ते बोटाने बघत. वाटी टेबलावर ठेवून तिच्यावर जाळीचं झाकण घालत. दुपारी रामदास ती रिकामी करत, धुऊन पुसून पुन्हा जागेवर ठेवत. दीपाली घरातले कोपरे तपासत राही. हळूहळू लपवलेल्या वाट्या सापडणं बंद झालं आणि माश्याही गेल्या.

हिराबाई रिकामी वाटी दीपालीला उलटी करून दाखवायच्या. "आज सगळं खाल्लं तिने." अशी तृप्ती दीपालीने त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिली नव्हती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडावा लागला. नंतर ती म्हणायला शिकली, "हो का? छान झालं, आई."

थंडी सुरू झाली, तेव्हा एका सकाळी हिराबाईंनी हातातलं दूध पाहिलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. पोळी तशीच राहिली.

"निशाला नको?" दीपालीने विचारलं.

"कोण?" त्यांनी अदबीने विचारलं. "आपण कुणाबद्दल बोलताय?"

समोर बसलेल्या रामदासांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

समाधान ऑफिसला निघता निघता म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं. आईचा त्रास संपला." दीपालीने मान हलवली. तो गेल्यावर तिने बँकेत फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि सासऱ्यांच्या शेजारी येऊन बसली.

"तो बरोबर बोलला," रामदास म्हणाले. "सुटली ती. पण आता ती पोर माझ्या एकट्याकडे उरली, दीपाली. एक फोटोसुद्धा नाही तिचा."

"कशी होती ती, बाबा? मला सांगा ना."

इतकी वर्षं तिच्याबद्दल न बोललेला तो माणूस मग बोलू लागला. केस कुरळे होते, झोपताना आईच्या पदराचं टोक मुठीत लागायचं, त्यांच्या कारखान्याचा भोंगा झाला की रांगत दारात यायची. हिराबाई शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या, कुणा परक्याच्या घरची गोष्ट ऐकावी तशा, कौतुकाने.

"गोड होती हो," त्या मध्येच म्हणाल्या. "मग पुढे काय झालं त्या बाळाचं?"

रामदासांनी दीपालीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"मोठी झाली," रामदास म्हणाले. "शिकली. नोकरीला लागली."

"बरं झालं," हिराबाई म्हणाल्या आणि शाल सावरून घेतली.