बारीक नळ्या

चर्चचा जुना, नळ्यांतून सूर काढणारा ऑर्गन आधी तिच्या आजोबांनी खोलून नव्याने बांधला, नंतर बाबांनी. बाबा गेल्यावर यंदा ते काम तिच्याकडे आलं. जाड नळ्या सुरात होत्या. उंच सुरांच्या बारीक नळ्या मात्र एकजात बेसूर.

"हे बाबांचं काम? छे, कुणीतरी मागाहून हात घातलाय!" ती फणकारली.

"कुणी नाही," फादर म्हणाले. "आम्ही त्यांना सांगितलंही. ते नुसते हसून मान डोलवायचे."

तिच्या हातातली नळी हातातच राहिली. ते सूर बाबांना ऐकूच येत नव्हते.

तिचा आवाजही तसाच बारीक. बाबांनी ऑर्गन बांधला त्याच वर्षी, हाका मारून घसा सुकला तरी बाबा ओ देत नाहीत, म्हणून चिडून तिने अबोला धरला होता. तो सोडायचा राहूनच गेला.