लहरीबाबांचं कडं आणि चहाची गाळणी

डोळ्यांच्या दवाखान्यात त्या सोमवारी जो चमत्कार झाला, तो पाहायला चाळीसेक माणसं हजर होती. त्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले. त्यांना स्वतःच्या हाताची बोटं धड मोजता येत नव्हती. पण पुढे आठवडाभर चमत्काराचं सगळ्यात बारकाईनं वर्णन केलं ते त्यांनीच.

चमत्कार करणारे गृहस्थ नोंदणीच्या काउंटरमागे उभे होते. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर चढवलेला चष्मा आणि हातात वाटीच्या तोंडाएवढं पितळी कडं. स्वतःला ते 'यंत्रलहरतज्ज्ञ' म्हणवत. एवढं लांबलचक कोण म्हणणार? लोकांनी बघता बघता त्यांचे लहरीबाबा करून टाकले, आणि त्यांनीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

"यंत्राला जीव नसतो असं कोण म्हणतं?" बाबांनी खोलीभर नजर फिरवली. "तापतं ना ते? घरघरतं ना? मग मेलेल्याला कधी ताप आलेला पाहिलाय कुणी?"

कुणीच पाहिला नव्हता.

"या कॉम्प्युटरात ऋणलहरी तुंबल्यात. नाली तुंबते ना, तशा. आधी त्याला जरा निजवू." बाबांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. "आता त्याचं दुखणं बघा."

त्यांनी एका आजींच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो उघडायला घेतला. स्क्रीनवर चकली फिरायला लागली. अख्खी खोली आकडे मोजू लागली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस... तेव्हा कुठे फोटो आला. "बिचारा!" कुणीतरी हळहळलं.

मग बाबांनी कडं कॉम्प्युटरभोवती तीनदा ओवाळलं, डोळे मिटले, "हूंऽऽ" असा लांबलचक हुंकार सोडला, आणि तोच फोटो पुन्हा उघडला. बोट टेकायचा अवकाश, फोटो हजर!

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठे डॉक्टर तर लहान मुलासारखे हरखले. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत सुई घालणारा तो माणूस. हात कधी कापला नाही. पण कॉम्प्युटर दिसला की ते दोन पावलं मागे सरायचे. वर्षभर हे यंत्र गोगलगाय झालं होतं आणि पेशंट तासन् तास ताटकळत होते. दुरुस्तीवाला नवीन यंत्र घ्या म्हणे, बाबा कडं फिरवून बरं करतो म्हणे. डॉक्टरांना बाबा परवडले.

काउंटरवर बसणाऱ्या फाइलताईंना मात्र काहीतरी खटकलं. सत्तावीस वर्षं त्या या खुर्चीवर होत्या. कॉम्प्युटर यायच्या आधी हजारो कागदी फायली त्या एकहाती सांभाळायच्या, त्यावरून हे नाव पडलेलं.

"बाबा," त्यांनी साधेपणानं विचारलं, "आता दुसऱ्या कुणाचा फोटो उघडून दाखवता का? आज अजून न उघडलेला?"

बाबांनी माउसवरचा हात काढून घेतला. मग त्यांच्या हातातलं कडं थरथरू लागलं. थरथरत थरथरत ते फाइलताईंच्या खुर्चीपाशी आलं आणि तिथे असं काही नाचलं, की मागच्या बाकावरचे लोक उभे राहिले.

"सापडलं!" बाबा म्हणाले. "या बाईंच्या हातात जड लहर आहे. त्यांचा स्पर्श यंत्राला सोसत नाही."

दुपारपर्यंत कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा रखडू लागला. पण आता त्याला कारण मिळालं होतं ना! संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी फाइलताईंना आत बोलावलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. थोडे दिवस खाली स्टोअररूममध्ये बसा. चादरी, टॉवेल, एवढंच बघायचं."

"डॉक्टर, तुम्हीसुद्धा?"

डॉक्टर टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

चादरी मोजायला फाइलताईंची ना नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्या वर पाणी प्यायला आल्या आणि चुकून त्यांचा हात माउसला लागला, तर कंपाउंडरनं माउस त्यांच्यादेखत ओल्या फडक्यानं पुसला. ज्याच्या लग्नात त्या चार दिवस राबल्या होत्या, त्या कंपाउंडरनं! खाली जाऊन त्यांनी चादरींच्या ढिगाआड मनसोक्त रडून घेतलं आणि मग चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

गुरुवारी बाबांनी पुढचा उपचार जाहीर केला. शनिवारी सकाळी यंत्राची 'भारमुक्ती'! दोन वर्षांहून जुने सगळे फोटो पुसून टाकायचे. "गेलेली माणसं, जुनी दुखणी, सगळं बिचारं पोटात घेऊन बसलंय. मोकळं करा त्याला."

हे कळताच फाइलताई जिना चढून थेट डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "डॉक्टर, काचबिंदूच्या पेशंटांचं काय? जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय नस किती सुकली हे कळतं का? तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"गरजेचे छापून ठेवू."

"अठरा हजार फोटो आहेत. छापणार कोण?"

"ताई, काल एका म्हाताऱ्या माणसाला मी दोन तास बसवून ठेवलं. मला हे आता बघवत नाही." डॉक्टरांचा आवाज खरोखरच थकलेला होता. फाइलताईंना त्यांचा राग आला, आणि कीवही.

घरी आल्या तर नणंद येऊन बसलेली. नणंद शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. जिभेला धार अशी, की तिच्यापुढे मुख्याध्यापकही बोलताना दोनदा विचार करत.

"वहिनी, चेहरा का असा?"

फाइलताईंनी सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. कडं, हुंकार, माउसवरचं फडकं, सगळं. नणंद ऐकता ऐकता हसायला लागली.

"हसू नका हो वन्सं. माझी नोकरी चाललीय."

"नाही हसत. पण वहिनी, मला एक सांगा. कागदी फायली होत्या, तेव्हा सकाळी डॉक्टरांनी एखादी फाइल मागितली, की तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? आतल्या खोलीत जायचं, शिडी लावायची, शोधायची, धूळ झटकून आणून द्यायची."

"आणि तासाभरानं तीच पुन्हा मागितली तर?"

"तर काय, ती माझ्या टेबलावरच असायची. दिवसभरात निघालेली फाइल मी संध्याकाळपर्यंत आत ठेवायचेच नाही. हात लांबवला की..." फाइलताई बोलता बोलता थांबल्या. त्यांचे डोळे मोठे झाले. "अगंबाई! हे मेलं तेच करतंय की!"

"तेच करतंय. एकदा उघडलेला फोटो तो हाताशी ठेवून देतो. दुसऱ्यांदा मागितला की डिस्कवर शोधत बसत नाही. याला कॅश म्हणतात."

"कॅश? पैशांची?"

"पैशांची ती बाबांची. ही वेगळी."

"पण मग त्यांनी आधी बंद-चालू कशाला केलं?"

"टेबल रिकामं करायला! बंद केला की हाताशी ठेवलेलं सगळं पुसलं जातं. मग पहिला फोटो हमखास रखडतो आणि दुसरा हमखास धावतो. मधे कडं फिरवा, नाहीतर लाटणं फिरवा." नणंदेनं भुवया उंचावल्या. "माणूस वेडा नाहीये, वहिनी. त्याला पक्कं ठाऊक आहे."

"पण मग मुळात तो इतका हळू का झालाय?"

"ते बघितल्याशिवाय कसं सांगू? मी काय बाबा आहे?"

दवाखान्याची किल्ली अजून फाइलताईंकडेच होती. ती काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. शनिवारी सकाळी साडेसातला दोघी काउंटरमागे जाऊन बसल्या. नणंदेनं कुठल्याही फोटोला हात न लावता डिस्कवर काय काय साठलंय ते तपासलं. वीस मिनिटांनी तिला जे सापडलं, ते पाहून दोघी तोंडावर पदर-ओढणी धरून इतक्या हसल्या, की झाडूवाल्या मावशी काय झालं म्हणून डोकावून गेल्या. मग नणंदेनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि दोघी शहाण्यासारख्या बाकावर जाऊन बसल्या.

दहाला बाबा आले. आज गर्दी दुप्पट. बाबा कडं उचलणार, एवढ्यात फाइलताई हात जोडून पुढे झाल्या.

"बाबा, माझी लहर जड आहे, मान्य. पण तुमच्या पायाशी थोडं शिकले. जाण्याआधी एकदा करून बघू?" आणि त्यांनी पर्समधून चहाची गाळणी काढली.

खोलीत खसखस पिकली. मोठे डॉक्टर खोलीच्या दाराशी उभे होते. सत्तावीस वर्षांची भीड त्यांच्या आड आली असावी. "करू द्या," ते म्हणाले.

फाइलताईंनी पहिल्या बाकावरच्या बाईंचा फोटो उघडायला घेतला. लोकांनी आकडे मोजले. एक्केचाळीस! मग त्यांनी गाळणी कॉम्प्युटरभोवती तीनदा फिरवली, गाळ झटकावा तशी झटकली, आणि बाबांपेक्षाही लांब हुंकार सोडला. "हूंऽऽऽ!" फोटो पुन्हा उघडला. चुटकीसरशी हजर!

टाळ्या पडल्या, पण यावेळी त्यात हसू मिसळलेलं होतं. "आता गाळणीशिवाय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या पेशंटचा फोटो: चाळीस. लगेच पुन्हा तोच, ना गाळणी, ना हुंकार: चुटकीसरशी.

"बाबा, आता तुम्ही. पेशंट मात्र मी सांगणार. हे शिंपीकाका. त्यांचे फोटो आज कुणी उघडलेले नाहीत. हवं तेवढं कडं फिरवा आणि पहिल्याच झटक्यात उघडून दाखवा."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाबांनी कडं सात वेळा फिरवलं. हुंकाराची तर मालगाडी झाली. चकली फिरत राहिली. खोली मोजत राहिली. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस...

"इथे अविश्वासाची लहर आहे," बाबा घाम पुसत म्हणाले. "अशा ठिकाणी मी थांबत नाही." कडं खिशात टाकून त्यांनी जिना गाठला. शेवटच्या दोन पायऱ्या ते एकदमच उतरले, असं मावशी सांगतात.

पण मोठ्या डॉक्टरांचं तिकडे लक्षच नव्हतं. स्क्रीनवर शिंपीकाकांच्या डोळ्यामागच्या नसेचे दोन फोटो शेजारी शेजारी आले होते. एक परवाचा, एक पाच वर्षांपूर्वीचा. डॉक्टर पुढे वाकले. आधी एक फोटो पाहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"काका, तुमचे थेंब आजच बदलायचे," अखेर ते म्हणाले. "नस सुकत चाललीय. परवाच्या एकट्या फोटोत मला हे कळलं नव्हतं." मग ते फाइलताईंकडे वळले. "हा जुना फोटो मी आज पुसणार होतो, ताई."

फाइलताईंनी नुसती मान हलवली.

"पण मग हे यंत्र रखडतं कशानं?" डॉक्टरांनी विचारलं.

आता नणंद उठली. "डॉक्टर, गाडीवर ओरखडा पडला म्हणून तुम्ही बाहेर एक कॅमेरा बसवला होतात?"

"हो. दोन वर्षं झाली."

"त्याचं चित्रीकरण कुठे साठतं?"

"ते... बसवणाऱ्यानं कुठेतरी जोडून दिलं."

"इथे जोडून दिलं. रात्रंदिवस तुमची गाडी याच डिस्कवर लिहिली जातेय. डिस्क शिगोशीग भरलीय. एक हात सतत गाडी लिहिण्यात अडकलेला, त्यातच हा बिचारा पेशंटांचे फोटो शोधतो. दोन वर्षांचं चित्रीकरण, आणि त्यात बहुतेक वेळ नुसती उभी गाडी, डॉक्टर! हलतही नाही!"

खोली हास्यात बुडाली. डॉक्टरांचे कान लाल झाले. तरी त्यांनी हळूच विचारलं, "मग गेल्या वर्षीचा तो दुसरा ओरखडा कुणी..."

"तारीख मला आठवत होती," फाइलताई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांवर ओरडला होतात. बघितलं आम्ही. फाटक पुरतं उघडायच्या आत गाडी पुढे कुणी घेतली, ते इथे सांगू का?"

"नको, नको," डॉक्टर म्हणाले, आणि सगळ्यात आधी स्वतःच हसले. कंपाउंडर मात्र हसला नाही. तो पुढे येऊन काउंटरमागची खुर्ची ओढून उभा राहिला. "बसा ना, ताई," म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती.

डॉक्टरांच्या परवानगीनं नणंदेनं गाडीचं सगळं चित्रीकरण पुसलं आणि कॅमेरा वेगळ्या डिस्कवर जोडून दिला. दुपारी कुणाचाही फोटो, पहिल्यांदाच उघडला तरी, दोन-तीन सेकंदांत येऊ लागला. लहरी तुंबल्या नव्हत्या, डिस्क तुंबली होती.

शिंपीकाका नवी चिठ्ठी घेऊन निघाले, पण काउंटरपाशी घुटमळले.

"ताई, तुमच्या नणंदेला यंत्रातलं कळतं म्हणून बरं झालं. आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं हो?"

"मला तरी यंत्रातलं कुठे कळतं, काका? सोमवारी मी फक्त एक प्रश्न विचारला होता, आणि त्या प्रश्नालाच ते घाबरले. जे खरं असतं त्याला तपासून घ्यायला लाज वाटत नाही. मला सांगा, तुम्ही कापड घेताना रंग कसा बघता? दुकानदार त्याच्या दिव्याखाली धरतो, तसाच?"

"छे! त्याच्या दिव्याखाली सगळंच झकास दिसतं. मी तागा उचलतो, सरळ बाहेर उन्हात नेतो."

"आणि त्यानं बाहेर नेऊ दिला नाही तर?"

"तर कापड घ्यायचंच नाही," काका म्हणाले.

"झालं तर मग!" फाइलताई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.