माझ्या पोटातलं काडतूस

मित्रांनो, घाबरू नका, जवळ या. मी एक म्हातारी रायफल आहे आणि आता अगदी रिकामी आहे. हे आधीच सांगते, कारण माझी सगळी गोष्ट त्याचीच आहे.

कारखान्यात माझी नळी घडली, तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला, नळीवर नंबर ठोकला आणि मी एका जंगलरखवालदाराच्या हाती आले. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी मला उगाच कधी मिरवलं नाही. रानडुकरं पिकात शिरली की हवेत एक बार काढायचे, झालं काम. घरी आले की आधी माझं पोट रिकामं करायचे, नळीतून तेलाचा बोळा फिरवायचे आणि मगच स्वतःचे हातपाय धुवायचे. फार मायेचे दिवस होते ते.

एका संध्याकाळी डुकरं कुंपणापाशी आल्याची हाक आली. आप्पांनी मला भरलं. चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून खटका लावला आणि बूट घालण्यासाठी मला खुंटीला अडकवलं. एक बूट पायात गेला, दुसरा हातातच राहिला. छातीत कळ आली आणि आप्पा गेले.

त्या रडारडीत माझ्याकडे कोण बघणार? पुढे आप्पांची बायको, आमची आजी, म्हणाली, "ते ठेवून गेले तशीच राहू दे हिला. त्यांच्या हातची शेवटची वस्तू आहे. कुणी हात लावायचा नाही." आजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. परवाना त्यांच्या मुलाच्या नावावर झाला, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, पण मला उघडून कोणी पाहिलं नाही. पाहुणे कौतुक करायचे. आजी वरवर धूळ पुसायची, तीही भरल्या डोळ्यांनी.

पोटातलं ओठावर आणायला मला ओठच नव्हते हो! माझ्या खालच्या पलंगावर आजी झोपायची आणि तिच्या कुशीत तिची नात. घरभर तुरुतुरु पळायची म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. त्या दोघी झोपायच्या, पण माझ्या डोळ्याला डोळा लागत नसे.

मग मुलाची बदली झाली. नवं घर लहान, म्हणून मला विकायचं ठरलं. जुन्या बंदुकांच्या दुकानातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "आधी फोटो पाठवा, म्हणजे ओळख पटेल. मोल हातात घेतल्यावर सांगेन. रिकामी आहे ना?"

"अहो, कधीची भिंतीवर आहे. शोभेची वस्तू झालीय ती."

त्याने माझ्या नंबरचा फोटो काढला, दस्त्याचा काढला आणि मग त्याला हुक्की आली. "मुंगे, तू धर बघू. कायमची चालली आता ती. एक डोळा मीट, माझ्यावर नेम धर. हं, बोट चापावर. अस्सं!"

मी मनातल्या मनात किंचाळले. मुंगीने तोंडाने मोठा आवाज काढला आणि चाप ओढला. पण खटका लावलेला होता, म्हणून चाप हललाच नाही.

"बाबा, कडक आहे."

"गंजली असेल," असं म्हणून तो हसला.

दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून मला दुकानात नेलं. मला निरोप द्यायला आजी आणि मुंगीही आल्या. "जपून हं, बाई. त्यांनी ठेवली तशीच आहे."

"म्हणूनच आधी पोट बघायचं, आजी, मग मोल." बाईंनी सगळ्यांना मागे उभं केलं, माझं तोंड वाळूच्या पेटीकडे वळवलं, खटका सरकवला आणि नळीमागचा दांडा, म्हणजे बोल्ट, ओढला. तो चिकटला होता. तेल सोडून त्यांनी पुन्हा ओढला. काडतूस टेबलावर पडलं आणि घरंगळत काठाशी थांबलं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, ही भरलेली होती! खटका लावलेला होता म्हणून..."

मुलाने खिशातला फोन काढून कालचा फोटो उघडला. एक डोळा मिटून मुंगी हसत होती आणि माझ्या नळीचं काळं भोक नेमकं त्याच्याकडे रोखलेलं होतं. त्याने मुंगीला इतकं घट्ट धरलं की ती कळवळली.

"माझंच चुकलं रे," आजी म्हणाली. "आठवण जपते म्हणून मीच सगळ्यांचे हात बांधले."

मुंगीने तिचा पदर ओढला. "पण आजी, आप्पांनी खटका लावला होता ना?"

तेव्हा आजी ढसाढसा रडली.

बाईंनी माझा कारखाना ओळखला. नळी आतून गंजली होती, म्हणून भाव निम्माच सांगितला. कोणी घासाघीस केली नाही.

आता मी काचेच्या कपाटात आहे आणि मला शांत झोप लागते. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तुम्ही तिला बोटही लावू नका. पण मोठ्यांच्या मागे भुणभुण लावा. जाणत्या माणसाकडून तिला उघडून घ्यायला सांगा. "रिकामीच आहे ती," असं कोणी म्हणालं तर लगेच विचारा, "कुणी बघितलंय?"

आमच्या घरात तेवढंच कोणी विचारलं नव्हतं.