मासोळीबाईंची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. सध्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली माझा मुक्काम असतो. माझ्या पाठीवर टॉवेल वाळत घालतात. तक्रार नाही, मित्रांनो. पण एके काळी माझ्याशिवाय या घरातलं पान हलत नव्हतं.

कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून मला घडवलं. चाकं बसवणाऱ्या कामगाराने ती बोटाने फिरवून पाहिली आणि म्हणाला, "झकास." मग मी दुकानात धूळ खात उभी राहिले. आमच्या दुकानात हौसेने कुणी येत नसे.

एक दिवस या घरातल्या ताईंचा धाकटा भाऊ मला विकत घेऊन आला. ताई मुलांना पोहायला शिकवत. मुलं त्यांना मासोळीबाई म्हणत. त्या सिग्नलला स्कूटर थांबवून उभ्या होत्या आणि समोरच्या उतारावरून वाळूने भरलेला ट्रक आला, तो थांबलाच नाही. ताई वाचल्या. कमरेखालची जाणीव मात्र गेली.

भावाने त्यांना प्रथम माझ्यात बसवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पाय नीट ठेवलेस का रे? मला कळत नाही." जणू पाय शेजारणीचे होते.

मग नुकसानभरपाईचा दावा सुरू झाला. कोर्टाला ही उंच पायरी. भाऊ आणि शिपाई मला ताईंसकट उचलून वर नेत. आज न्यायाधीश रजेवर, तर पुढच्या खेपेला समोरचे वकील आजारी. ताई खिडकीबाहेर बघत बसत. घरी आल्यावर जेवण पुढे ठेवलं तर जेवत, नाही ठेवलं तर मागत नसत.

एकदा ट्रकमालकाचे वकील घरीच आले. चहा घेत म्हणाले, "उगाच कशाला ताटकळायचं? आपण तडजोड करू. तुम्ही फक्त सांगा, ड्रायव्हर फोनवर बोलत होता. मालकांवर ठपका नको, तुम्हाला पैसे लगेच मिळतील."

"नव्हता," ताई म्हणाल्या. "दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. बाजूला व्हा म्हणून ओरडत होता."

"अशा वेळी नीट आठवत नाही हो माणसाला."

"माझे पाय गेलेत, डोळे नाहीत."

वकील गेल्यावर भाऊ चिडला. "ज्याने तुझी ही दशा केली, त्याचा एवढा पुळका?"

"पुळका नाही रे. राग पण नाही. काहीच वाटत नाही," ताई म्हणाल्या. "पण जे पाहिलंच नाही, ते सांगू कसं?"

कोर्टात त्यांनी तेच सांगितलं. मग ड्रायव्हर साक्षीला उभा राहिला. ब्रेक नीट लागत नाहीत हे त्याने मालकाला सांगितलं होतं. मालक म्हणाले होते, एवढी खेप मारून ये, मग बघू. ट्रक तपासणाऱ्या गॅरेजवाल्यानेही दुजोरा दिला. दोष मालकाचा ठरला. भरपाई मंजूर झाली.

बाहेर ड्रायव्हर हात जोडून उभा होता. ताई त्याला म्हणाल्या, "घरी जा आता. वाट बघत असतील."

"जिंकलो, ताई," भाऊ म्हणाला.

"हं. चल, पाठ दुखतेय."

त्या पैशातून न्हाणीघराचं दार रुंद झालं आणि मोटरवर चालणारी नवी खुर्ची आली. मी गॅलरीत आले. ताई आता एकट्या बाहेर पडतात. परवा त्या पोहण्याच्या तलावावर जाऊन आल्या. मुलांनी पाणी उडवलं असावं, कारण बाह्या भिजल्या होत्या. त्या गॅलरीत माझ्याजवळ आल्या, माझ्या चाकावर हात ठेवला आणि रडल्या. अपघातानंतर प्रथमच. खूप वेळ रडल्या.

मित्रांनो, माझ्यावरचे टॉवेल काढा असं मी म्हणत नाही. मागणं एवढंच, की गाडी चालवणारा बिघाड सांगत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. माझ्यासारख्या खुर्च्या थोड्या कमी विकल्या गेल्या, तरी चालेल.