उन्हात मांडलेलं जहाज

“बघ, लाकडं कशी खणखणीत वाळलीत,” बाबा म्हणाले आणि त्यांनी एका फळीवर टकटक केलं. “थोडा पीळ पडलाय. तो मी रंधा मारून काढतो, काळजी करू नकोस.”

ती फाटकातच थांबली. अंगात अजून कणकण होती, म्हणून क्षणभर तिला वाटलं, डोळेच दगा देताहेत. पण नाही. कित्येक शतकं समुद्राच्या तळाशी पडून राहिलेल्या जहाजाच्या फळ्या शेडबाहेर उन्हात मांडल्या होत्या. ओळीने, मध्ये पट्ट्या ठेवून, वारा खेळेल अशा. जन्मभर होड्या बांधलेल्या सुताराचं काम ते, नाव ठेवायला जागाच नाही! आणि एकूण एक फळी पिळवटून तडकली होती.

बुडालेल्या जहाजाचं लाकूड मोठं फसवं. बाहेरून धडधाकट, आतून पोकळ. त्याला सावरून धरतं ते आत मुरलेलं पाणीच. वर काढलं की औषध मुरेपर्यंत ते वर्षानुवर्षं शेडमधल्या टाक्यांत भिजतच ठेवायचं. हेच तिचं काम. बाह्या कायम ओल्या, म्हणून शेडमधले सगळे तिला जलपरी म्हणायचे. मग सरकारी अनुदान आटलं. आधी औषध गेलं, मग पंप, मग चिडवणारी माणसंही गेली. उरला तो कायदा. जहाजाला हात लावील त्याला कैद, असं फाटकावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं. पगार नसतानाही ती रोज येऊन बादल्यांनी टाक्या भरायची. घरात प्यायला पाणी भरायचं तर हिचे हात दुखतात आणि मेलेल्या जहाजाला पाणी पाजताना दुखत नाहीत, असं आईने सुनावलं, तर ती नुसती हसली होती. नवा प्रस्ताव वर गेला होता. तो मंजूर होईतो लाकूड जगवायचं, बस्स.

आणि नेमकी ती तापाने आडवी झाली. बाबांना म्हणाली, तेवढं लाकडांकडे बघा. ग्लानीत एवढंच सुचलं. बाबांनी बघितलं. कुबट पाण्यात लाकूड कुजतंय, या विचाराने त्यांचा जीव तुटला. शेजारच्या दोघांना हाताशी धरून त्यांनी ते बाहेर काढलं.

आता फाटकाशी गाडी थांबली. पुरातत्त्व खात्याचा निरीक्षक उतरला; त्याला कुणीतरी कळवलं होतं. अनुदान थांबल्यापासून तो पहिल्यांदाच इकडे फिरकत होता. फळ्या पाहून त्याने डोक्याला हात लावला. हे कोणी केलं, असं त्याने विचारलं, तसे बाबा कौतुकाच्या अपेक्षेने पुढे झाले.

“मी,” ती म्हणाली.

“तुम्ही? वाळलं की संपलं, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?”

“हो.”

“बाई, कैद होईल तुम्हाला.”

“पंप बंद केला, तेव्हा कुणाला झाली?”

त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. हलक्या आवाजात म्हणाला, “चला, गाडीत बसा.”

ती निघाली. बाबा जिथल्या तिथे उभे होते. मग ते फळीशी वाकले. तड्यात नख घालून पाहिलं, तर अख्खं बोट आत गेलं. त्यांनी पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढली, उकिडवे बसले आणि आजाऱ्याच्या तोंडात घालावी तशी बारीक धार तड्यात सोडू लागले.

पाणी खालून निघून मातीत जात होतं.